अमेरिकेतलं पहिलं हॅलोविन: नव्याने आलेल्या मराठी घरांसाठी

सप्टेंबर सरत आला की इथल्या दुकानांत नारिंगी भोपळ्यांचे ढीग लागतात, प्लास्टिकचे सांगाडे लटकतात, आणि अमेरिकेत नव्याने आलेल्या आपल्या मंडळींचे फोन सुरू होतात. "शाळेतून चिठ्ठी आलीय, पोराला काय घालू?" "दारावर कोण कोण येतं? त्यांना द्यायचं काय?" आणि थोड्या दबक्या आवाजात, "भुताखेतांचा सण आहे म्हणे, आपण करायचा का?"

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं: ३१ ऑक्टोबरला दारातला दिवा लावा आणि दार उघडा. वर्षभर ज्यांच्याशी गाडीतून हात हलवण्यापुरती ओळख असते ती सगळी घरं या एका संध्याकाळी पोराबाळांसकट तुमच्या पायरीवर येतात. असा दिवस इथे दुसरा नाही. वेष, भोपळा, सजावट हे सगळं जमेल तसं, जमेल तेवढं करा. पण आधी हा सण आला कुठून ते माहीत करून घ्या, म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल.

पायरी पहिली: मूळ समजून घ्या

हॅलोविनची मुळं आयर्लंड आणि स्कॉटलंडमधल्या 'साउइन' नावाच्या सणात आहेत. तिथले गेलिक भाषा बोलणारे लोक वर्षाचे दोन भाग मानत, एक उजेडाचा आणि एक अंधाराचा. अंधाराचा भाग १ नोव्हेंबरला लागे. त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू व्हायचा, म्हणून सण ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळीच लागायचा. मुळात हा गुरं राखणाऱ्यांचा सण. उन्हाळाभर डोंगरावर चरायला ठेवलेली गुरं खाली आणायची, हिवाळाभर पोसता येणार नाहीत ती कापायची, फळं-धान्य आत घ्यायचं आणि मोठे जाळ पेटवायचे. पुढचे काही महिने थंडीचे, उपासमारीचे, मरणाचे. अशा उंबरठ्यावर माणसाला आपले गेलेले लोक आठवावेत यात नवल नाही.

जुन्या आयरिश कथांत या रात्री टेकड्यांच्या पोटातली दारं उघडतात आणि पलीकडच्या जगातले रहिवासी बाहेर पडतात. या कथांच्या जागा आजही दाखवता येतात. मीथ परगण्यात अथबॉय गावाजवळ ट्लाख्टगा नावाची टेकडी आहे. साउइनचा मोठा जाळ तिथे पेटे असं मध्ययुगीन लिखाण सांगतं. तारा टेकडीवर सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचं एक थडगं आहे, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला उगवत्या सूर्याचा किरण त्याच्या अरुंद वाटेतून थेट आत शिरतो. रॉसकॉमन परगण्यात राथक्रोहनजवळ 'मांजरांची गुहा' आहे. तोंड इतकं लहान की आत जायचं तर चिखलात हातापायांवर सरपटत जावं लागतं, आणि वरच्या दगडावर ओघम या जुन्या आयरिश लिपीतल्या रेघा कोरलेल्या आहेत. साउइनच्या रात्री याच भोकातून अक्राळविक्राळ प्राणी बाहेर पडून मुलूख उजाड करत, असं जुन्या कथा म्हणतात. या सगळ्या कथा लिहिल्या मात्र ख्रिस्ती मठांत, नवा धर्म रुजल्यावर कित्येक शतकांनी. त्यामुळे "दोन हजार वर्षांपूर्वी अस्संच करायचे" असं कोणी छातीठोकपणे सांगायला लागलं तर सावध राहा.

दुसरा धागा चर्चचा. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी रोममध्ये सगळ्या संतांच्या नावे एक प्रार्थनास्थळ अर्पण केलं, आणि ८३५ साली पोप चौथे ग्रेगरी यांच्या काळात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस पश्चिम युरोपातल्या फ्रँक साम्राज्यात पाळायला सुरुवात झाली. साउइन पुसून टाकायला चर्चने मुद्दाम ही तारीख निवडली असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. मला ते पटत नाही, कारण त्या काळी खुद्द आयर्लंडमध्ये संतांचा दिवस २० एप्रिलला असे. पुढे २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस ठरला. गोव्यात आणि वसईत ख्रिस्ती घरातली माणसं त्या दिवशी फुलं-मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत जातात, तो हाच दिवस.

दारोदार फिरण्याची चाल या दोन्ही धाग्यांतून आली. इंग्लंडमध्ये गरीब लोक घरोघर जाऊन मृतांसाठी प्रार्थना म्हणत आणि त्याबद्दल त्यांना छोटे गोल केक मिळत. स्कॉटलंडमध्ये सोंगं घेऊन फिरण्याच्या नोंदी सोळाव्या शतकापासून सापडतात. आयर्लंडच्या दक्षिणेला, कॉर्क परगण्यात, एकोणिसाव्या शतकात एक माणूस पांढरी चादर पांघरून, घोड्याची कवटी धरून पुढे चाले. मागे पोरं गायीची शिंगं फुंकत, प्रत्येक दारात कवनं म्हणत आणि खाणं मागत. देणाऱ्याला भरभराट, न देणाऱ्याला वाईट दिवस. शिमग्याला सोंगं घेऊन पोस्त मागत फिरणारी, आणि रात्री कुणाचं लाकूड, कुणाच्या गोवऱ्या पळवणारी पोरं ज्याने पाहिली आहेत त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

१८४५ ते १८५२ या काळात आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक सडून दुष्काळ पडला. सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली, बरीचशी अमेरिकेला. त्यांच्याबरोबर हा सण आला. इथे सुरुवातीला त्यात खोड्याच जास्त होत्या. फाटकं उचलून नेणं, गाड्या छपरावर चढवणं, असले प्रकार. १९२० आणि ३०च्या दशकांत शहरांत ही नासधूस फार वाढली, तेव्हा पोरांना मिरवणुका, पार्ट्या आणि खाऊकडे वळवायचे प्रयत्न गावोगाव झाले. मिनेसोटातल्या अनोका गावाने तर १९२० सालीच अशी मिरवणूक काढली होती. दुसऱ्या महायुद्धात साखरेवर रेशन आलं आणि खाऊ मागणं थंडावलं. पन्नासच्या दशकात, नव्या उपनगरांमध्ये, आज दिसतो तो प्रकार घट्ट बसला.

आता तिसऱ्या प्रश्नाचं बोलू. यात कोणाची पूजा नाही, कोणाला आवाहन नाही. पोरांना भीतीशी खेळू द्यायचं आणि शेजाऱ्यांनी तोंड गोड करायचं, एवढंच आहे. तरीही मनाला पटत नसेल तर दिवा बंद ठेवा. अनेक ख्रिस्ती कुटुंबंही हा सण पाळत नाहीत, आणि त्यावरून त्यांना कोणी बोल लावत नाही.

पायरी दुसरी: वेष

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात वेष ठरवा. शेवटच्या आठवड्यात दुकानात मुलांच्या मापाचं काही उरत नाही. एक माप मोठंच घ्या, कारण संध्याकाळी गारठा असतो आणि आतून स्वेटर किंवा थर्मल घालावं लागतं. नव्या वेषावर जाकीट चढवायला मूल तयार होत नाही, त्यावरून दारातच रडारड होते. पायघोळ कपडा घोट्याच्या वर दुमडून टीप मारा. मुखवट्याऐवजी तोंड रंगवा. मुखवट्याच्या भोकांतून बाजूने येणारी गाडी दिसत नाही. पाठीवर आणि पिशवीवर अंधारात चमकणारी पट्टी चिकटवा.

शाळेची चिठ्ठी नीट वाचा. बहुतेक शाळांत मुखवटे, खोटी शस्त्रं आणि रक्ताचे डाग चालत नाहीत. काही शाळा हॅलोविन साजरंच करत नाहीत, त्याऐवजी सुगीचा दिवस ठेवतात, आणि तिथे सांगाडा होऊन गेलेलं मूल दिवसभर हिरमुसतं.

वेष विकतच आणायला हवा असं मुळीच नाही. पुठ्ठ्याचा रोबो, जुन्या चादरीचं भूत यांचं इथे फार कौतुक होतं. मोरपिसांची टोपी, पायघोळ अंगरखा, हातात टाळ-चिपळ्या असा वासुदेव करा. दारोदार जाऊन दान मागणारा वासुदेव या संध्याकाळी इतका चपखल बसतो की मुलांना वेगळं काही शिकवावंच लागत नाही. दुसऱ्या कुठल्या समाजाचा पोशाख किंवा कातडीचा रंग मात्र सोंग म्हणून घेऊ नका. विशेषतः मूळ अमेरिकी लोकांची पिसं लावणं आणि तोंडाला काळा रंग फासणं टाळा. दुकानात मिळतं म्हणून ते चालतं असं नाही. लोक दुखावतात, आणि त्यांचं दुखावणं योग्यच असतं.

पायरी तिसरी: भोपळा

हा माझा सगळ्यात आवडता भाग, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मूळ कंदील सलगमाचा. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये मोठं सलगम कोरून आत निखारा किंवा मेणबत्तीचा तुकडा ठेवत. मेयो परगण्यात कॅसलबारजवळच्या ग्रामीण जीवनाच्या संग्रहालयात अशा एका जुन्या कंदिलाची प्लास्टरमधली प्रतिकृती आहे. सुरकुतलेला चेहरा, खोल डोळे, मोजके दात. ती पाहिल्यावर आजचे हसरे भोपळे फारच सोज्वळ वाटतात. त्यामागची गोष्टही छान आहे. जॅक नावाच्या लबाड दारुड्याने सैतानाला फसवून, "तुला कधीही नरकात नेणार नाही" असं वचन त्याच्याकडून घेतलं. मेल्यावर स्वर्गाने त्याला आत घेतलं नाही, नरकाने वचन पाळलं, आणि तेव्हापासून तो सलगमातला एक निखारा हातात धरून अंधारात फिरतोय. अमेरिकेत आल्यावर लोकांना आयता मोठा, मऊ, आतून पोकळ भोपळा मिळाला आणि सलगम मागे पडलं.

भोपळा घेताना देठ हिरवा आणि टणक आहे का पाहा. बूड सपाट हवं. टिचकी मारल्यावर पोकळ आवाज यायला हवा. देठाला धरून उचलू नका, तो तुटतो आणि तिथूनच कुजायला सुरुवात होते. अख्खा भोपळा महिनाभर आरामात टिकतो, पण कोरलेला चार-पाच दिवसच. म्हणून २८ तारखेच्या आधी कोरायला घेऊ नका. उबदार, दमट गावात राहत असाल तर ३० तारखेलाच कोरा.

कोरताना खाली जुनी वर्तमानपत्रं अंथरा. देठाभोवती झाकण कापताना सुरी तिरपी, आतल्या बाजूला झुकलेली धरा. सरळ कापलंत तर झाकण आत पडतं. मग मोठ्या डावाने बिया आणि धागे खरवडून काढा. ज्या बाजूला चेहरा करायचा तिथली भिंत आतून खरवडून साधारण एक इंच जाडीची करा. ही मेहनत बरेच जण टाळतात आणि मग कापताना सुरी अडकते. चेहरा आधी मार्करने काढा. दातेरी, बारीक पात्याची करवत वापरा. ती दुकानात भोपळ्यांच्या शेजारीच मिळते. घरची मोठी सुरी घसरते आणि दरवर्षी कितीतरी लोक हात कापून घेतात. आधी डोळे, मग नाक, शेवटी तोंड. मोठं तोंड आधी कापलं तर भिंत कमकुवत होते आणि डोळे कापताना तडकते. कापलेल्या कडांना व्हॅसलिन चोपडलं की त्या लवकर सुकत नाहीत. लहान मुलांच्या हाती करवत देऊ नका. खरवडण्याचं आणि मार्करने चेहरा काढण्याचं काम त्यांचं.

बिया टाकू नका. धुऊन, पुसून, रात्रभर सुकवून, थोडं तेल, मीठ, तिखट आणि चिमूटभर हिंग लावून ओव्हनमध्ये ३२५ अंश फॅरनहाइटला वीसेक मिनिटं भाजा, मधे एकदा परता. गर मात्र पाणचट आणि धागेदार असतो. घारग्यांसाठी 'पाय पम्पकिन' म्हणून मिळणारा लहान भोपळा वेगळा आणा. त्याचे घारगे आपल्या लाल भोपळ्याच्या अगदी जवळ जातात.

पायरी चौथी: खाऊ

किती मुलं येतील? आपल्या रस्त्यावर दोन-तीन वर्षं राहिलेल्या शेजाऱ्याला विचारा. एका गल्लीत दहा येतात, पुढच्या गल्लीत दोनशे. संभाषण सुरू करायलाही हा प्रश्न फार चांगला. वाटायचा खाऊ म्हणजे एकेक वेगळा गुंडाळलेला, लहान आकाराचा चॉकलेटचा तुकडा किंवा गोळ्या. हे मोठ्या पिशव्यांत मिळतं.

घरी केलेला, सुटा पदार्थ कितीही निगुतीने केलेला असला तरी या दिवशी देऊ नका. आईवडील तो मुलांना खाऊ देत नाहीत. चिवडा-लाडवाचा डबा दिवाळीत शेजाऱ्यांच्या घरी नेऊन द्या.

शाकाहारी घरांसाठी: गमी, मार्शमेलो आणि कँडी कॉर्न यांत बहुधा जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातडीपासून काढलेला पदार्थ, असतं. आपल्या मुलांनी आणलेला खाऊ निवडताना हे पाहा. छोट्या तुकड्यांच्या वेष्टनावर घटकांची यादी अनेकदा नसते, ती मोठ्या पिशवीवर असते, म्हणून वाटायची पिशवी त्या रात्री फेकू नका. एखादी आई "यात शेंगदाणे आहेत का?" असं विचारते, तेव्हा तुम्हाला लगेच सांगता आलं पाहिजे. काही घरांसमोर निळसर हिरवा रंगवलेला भोपळा दिसेल. अॅलर्जी असलेल्या मुलांसाठी तिथे खाण्याऐवजी पेन्सिल, स्टिकर, छोटी खेळणी मिळतात. तुम्हीही एक वाडगा तसा ठेवू शकता, आणि अवश्य ठेवा.

पायरी पाचवी: ३० तारखेची रात्र

न्यू जर्सीत आणि आसपासच्या काही भागांत आदल्या रात्री खोड्यांची रात्र असते. झाडांवर टॉयलेट पेपर, गाड्यांवर अंडी. गाडी गॅरेजमध्ये ठेवा, भोपळा आत घ्या. बाकी बहुतेक ठिकाणी ही भानगड नाही.

पायरी सहावी: ती संध्याकाळ

मुलांना पाच वाजताच पोटभर जेवू घाला. वरण-भात पोटात असला की नंतरची साखर जरा तरी आवरते. नगरपालिका फिरायची वेळ जाहीर करते, ती पाहून ठेवा. बहुतेक ठिकाणी साधारण सहा ते साडेआठ. २००७ पासून इथली घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात, त्यामुळे हॅलोविनच्या संध्याकाळी एक तास जास्त उजेड मिळतो. त्याचा फायदा घ्या, लहानग्यांना लवकर बाहेर काढा.

नियम फारसे नाहीत. दारातला दिवा चालू असेल तर जा, बंद असेल तर पुढे चला. घंटा एकदाच वाजवा. दार उघडलं की "ट्रिक ऑर ट्रीट" (खोडी की खाऊ) म्हणायचं, एकच खाऊ घ्यायचा, आणि "थँक यू" म्हणून मागच्या मुलाला जागा द्यायची. लाजाळू मुलाची घरीच तालीम घ्या: तुम्ही दार उघडा, त्याला बाहेर उभं करा. आईबाबांनी फुटपाथवर थांबायचं, दारापर्यंत मागे लागायचं नाही. कुठे दारात नुसताच वाडगा ठेवलेला असतो, तिथेही एकच उचलायचा. कोणी नाही म्हणून मूठभर घेतलेलं पाहिलंत तर तिथल्या तिथे परत ठेवायला लावा.

घरी थांबणाऱ्याने दारातच खुर्ची टाकून बसावं. प्रत्येक मुलाला "तू कोण झालास?" असं विचारा; त्याने दोन आठवडे याच प्रश्नाची वाट पाहिलेली असते. शेवटी शेवटी उंच, मिसरूड फुटलेली, वेषाच्या नावाने नुसती टोपी घातलेली पोरं येतात. त्यांनाही हसून द्या. त्या वयाची पोरं त्या रात्री खाऊ मागत फिरतायत हे चांगलंच आहे. बोलू न शकणारं किंवा नजर न देणारं मूल आलं तर शब्दांचा आग्रह धरू नका.

अनोळखी माणसं खाऊत विष घालतात ही भीती इथेही दरवर्षी पसरते. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी अशा बातम्यांचा अनेक वर्षं माग काढला आणि अनोळखी माणसाने विष देऊन मूल दगावल्याचं एकही सिद्ध झालेलं प्रकरण त्यांना सापडलं नाही. १९७४ साली टेक्ससमध्ये एक मुलगा खरंच गेला, पण विष त्याच्या स्वतःच्या बापाने घातलं होतं. वेष्टन फाटलेलं असेल तर टाकून द्या, एवढं पुरे. खरा धोका गाड्यांचा. १९७५ ते २०१६ या वर्षांच्या अपघातांवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हॅलोविनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका इतर संध्याकाळींपेक्षा ४३ टक्के जास्त आढळला. म्हणून टॉर्च हातात असू द्या, कोपऱ्यावरच रस्ता ओलांडा, दोन गाड्यांच्या फटीतून पोरांना बाहेर पडू देऊ नका. आणि त्या वेळी तुम्ही स्वतः गाडीत असाल तर मुंगीच्या पावलाने चालवा.

दिवाळी कधीकधी याच दिवसांत येते. २०२४ साली नरक चतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी होते. अशा वर्षी दारात पणत्या आणि भोपळे शेजारी शेजारी फार सुंदर दिसतात. मात्र झुळझुळीत वेष घातलेली मुलं पायरीवर गर्दी करतात, तेवढे दोन तास पणत्या उंचावर ठेवा आणि भोपळ्यात बॅटरीचा दिवा ठेवा.

पायरी सातवी: घरातले जुने खेळ

थंडी-पावसाने बाहेर जाता आलं नाही तर आयर्लंडमधले खेळ घरात खेळा. दोरीला सफरचंद टांगायचं आणि हात मागे बांधून त्याचा चावा घ्यायचा. पूर्वी आडव्या काठीच्या एका टोकाला सफरचंद आणि दुसऱ्या टोकाला जळती मेणबत्ती लावून काठी फिरवत. ते आपल्याला नको. लहानांसाठी सफरचंदाऐवजी डोनट टांगा. सफरचंदाची साल अखंड सोलून खांद्यावरून मागे टाकायची. जमिनीवर जे अक्षर उमटेल ते होणाऱ्या जोडीदाराचं. तिथे या दिवशी बार्मब्रॅक नावाचा मनुकांचा पाव करतात आणि त्यात वस्तू लपवतात. अंगठी आली तर लग्न, नाणं आलं तर पैसा, चिंधी आली तर गरिबी, वाटाणा आला तर यंदा लग्न नाही. घरी करायचा झाला तर वस्तू कागदात गुंडाळून कापलेल्या तुकड्यांच्या खाली ठेवा, पावाच्या आत नको.

पायरी आठवी: दुसरा दिवस

रात्री सगळा खाऊ जमिनीवर ओतून मोजू द्या, अदलाबदल करू द्या. मुलांना त्यात फिरण्याइतकीच मजा येते. मग थोडा ठेवून बाकीचा डबा उंच फडताळात. घरात कुत्रा असेल तर चॉकलेट त्याच्या तोंडी लागणार नाही याची काळजी घ्या, त्याला ते विषारी असतं.

१ नोव्हेंबरला दुकानांत वेष आणि सजावट अर्ध्या किमतीत मिळते. पुढच्या वर्षीचा वेष, एक माप मोठा, तेव्हाच घेऊन ठेवा. भोपळ्यातला दिवा आणि मेण काढा, तुकडे करून कंपोस्टमध्ये टाका. कचऱ्यात गेला तर नुसता कुजतो. अनेक गावांत नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात भोपळे गोळा करायची सोय असते. नगरपालिकेच्या पानावर वार आणि जागा पाहा. रंगवलेला भोपळा मात्र तिथे घेत नाहीत.